देवमनच्या नावाची भांडी

धनसिंग पटवारी उंबऱ्याशी वाकून आत पाहू लागला, तेव्हा त्याला चूल दिसली, मडकी दिसली, दांडीवरची दोन लुगडी दिसली आणि कुडाला टेकवून ठेवलेली चटई. तो पायरीवर बसला, कागद गुडघ्यावर घेतला आणि म्हणाला, "बाई, तुमची यादी लिवाले शाईबी खर्च होत नाई. रोज असंच एक घर भेटलं तं माहा जलम सुखात जाईन."

"मंग लिहा ना, काहीच नाई म्हणून," भागिरथा म्हणाली.

"लिवतो. पन त्या कोपऱ्यात पोत्याखाली काय हाय?"

भागिरथानं स्वतःच पोतं बाजूला केलं. लपवायचं काही तिच्या मनातही नव्हतं. पोत्याखाली पंगतीचं वरण मावेल एवढे तांब्याचे दोन मोठे गंज होते, पाण्याचा पितळी गुंड होता, ताटांची चवड होती आणि भिंतीला उभी टेकवलेली, माणूस मांडी घालून बसेल एवढी परात. सगळं राखेनं घासलेलं, कोरडं, लखलखीत.

"मंडळाचे भांडे होत," ती म्हणाली. "लग्नाकार्याले लागते. माह्या घरी निसते ठेवेल हायेत."

पटवारी उठून आत आला. परात त्यानं उजेडाकडे वळवली. काठावर छिन्नीच्या टोकानं टिंबाटिंबांनी अक्षरं ठोकलेली होती. बोट फिरवत त्यानं वाचलं, "देवमन भिवाजी. हा कोन?"

"माहे मालक. वारले."

"मंग भांडे तुमच्या मालकाचे."

"नाव त्याहीचं. भांडे मंडळाचे."

"मंडळाचं नाव कुठीसा हाय?"

हा प्रश्न आजवर वस्तीत कुणी विचारलाच नव्हता. पटवाऱ्यानं एकेक भांडं उलटं करून पाहिलं. प्रत्येकावर तेच नाव. मग तो पुन्हा पायरीवर बसला आणि लिहू लागला.

"मी वाईट माणूस नोहो, बाई," लिहिता लिहिता तो म्हणाला. "पन मले दिसलं थे लिवा लागते. कोनाचं थे कोर्ट पाहीन. तुमी एक साक्षीदार द्या, मंडळाचा. मोकळं होऊन जाईन."

ही सन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, पण दिवाणी कोर्ट वाशीमलाच होतं, आणि भागिरथाचा अर्ज त्या कोर्टात पडून होता. अर्जाचं नाव नादारीचा अर्ज. फुलचंद वकिलांनी तिला तो नीट समजावून सांगितला होता. दावा लावायचा तर कोर्टाची फी भरावी लागते. फी भरायची ऐपत नसेल तर तसा अर्ज करायचा. कोर्ट चौकशी करतं, पटवारी घर पाहून जातो, साक्षी होतात, आणि माणूस खरंच नादार ठरला तर फीवाचून दावा चालतो. म्हणजे आधी गरिबी सिद्ध करायची. अन्यायाची पाळी त्यानंतर.

अन्याय तसा दोन वाक्यांत सांगण्यासारखा होता. देवमन गेल्यापासून ती रिसोडच्या एका खासगी शाळेत झाडलोट करी, पाण्याच्या टाक्या भरी, घंटा वाजवी. संस्था आपल्या मर्जीनं देईल तो पगार घेई. मग एके वर्षी शाळेला सरकारी अनुदान लागलं, शिपायाच्या जागेला सरकारी पगार ठरला, आणि सेक्रेटरीनं तिला वऱ्हांड्यात उभ्यानं सांगितलं, "बाई, उद्यापासून येऊ नका." इतकी वर्षं कमी पगारात जी जागा तिनं सांभाळली, ती जागा किमतीची झाली त्या दिवशी तिची राहिली नाही. फुलचंद वकील म्हणाले, जागा परत मागू, मधला पगारही मागू. तिला पगाराइतकीच घंटा हवी होती. त्या घंटेवर तिनं शेकडो पोरं वर्गात घातली होती आणि बाहेर काढली होती.

आणि आता मध्ये भांडी आली.

त्या भांड्यांची कथा वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. पूर्वी वस्तीत लग्न निघालं की तुपाच्या रिकाम्या डब्यांत वरण शिजायचं. गावच्या देवळाची मोठी भांडी होती, पण ती वस्तीत येत नसत. मागायलाही कुणी जात नसे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर काही वर्षांनी वस्तीच्या मंडळानं ठरवलं, आपली पंगत आपल्या भांड्यांत. पुरुषांनी रोजातून पैसे काढून ठेवले. बायांनी जे अंगावर होतं ते दिलं. चतुराबाईनं पायातला चांदीचा वाळा काढून दिला आणि म्हणाली, एका पायानंही चालता येते. देवमन आणि मंडळाचा अध्यक्ष शालिग्राम, दोघं दोस्त, वाशीमच्या तांबटाकडे गेले. मोटारवाल्यानं एवढी परात घ्यायला नकार दिला म्हणून ते ती आळीपाळीनं डोक्यावर घेऊन पायी आले. वस्ती वेशीपर्यंत सामोरी गेली. लांबून बायांना आधी माणूस दिसलाच नाही. रस्त्यावरून एक सूर्य चालत येतो आहे, असं चतुराबाई पुढं कितीतरी वर्षं सांगत असे.

त्यानंतर दोन वर्षांनी विहिरीचं काम करताना दरड कोसळली आणि देवमन गेला. तेराव्याचा रिवाज वस्तीनं सोडला होता. मग देवमनसाठी काय करायचं? मंडळानं ठरवलं, भांड्यांवर त्याचं नाव घालायचं. बेत मोठा होता. 'कालकथित देवमन भिवाजी यांच्या स्मरणार्थ, बौद्ध मंडळ' असा. पण तांबट अक्षरावर पैसे घेई. शालिग्रामच भांडी घेऊन गेला होता. परत आला तो निव्वळ नाव घालून. "बाकीचं कायले ठोकाचं?" तो म्हणाला. "भांडे मंडळाचे हायेत, हे कोनाले माहीत नाई?" सगळ्यांना ते पटलं. नाव देवमनचं, म्हणून भांडी ठेवायचा मानही देवमनच्या घराला.

तेव्हापासून भागिरथा भांडी राखत होती. नेणाऱ्यानं घासून परत करायची आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढेच दोन नियम. बुंदी असेल तर बुंदी, नाहीतर वाटीभर वरण, अगदीच काही नसलं तर मूठभर दाणे. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली. त्या साली एक लग्न झालं, त्याचीही परात मूठभर मिलो घेऊनच परत आली. त्या साली वस्तीतली कोंबडीही विकली गेली, पण या भांड्यांपैकी एखादं ताट विकायची गोष्ट कुणी तोंडातून काढली नव्हती.

साक्षीच्या आधी शालिग्राम येऊन ओट्यावर बसला. भागिरथानं कोरा चहा केला.

"देवमनची मजा हाय, वयनी," बशीत चहा ओतत तो म्हणाला. "जित्तेपनी त्याले कोनी चावडीत बसू देल्लं नाई. मेल्यावर नाव कोर्टात चाललं."

"हसता काय भाऊजी? चतुराबाई येतो म्हनते. शेजारची गोजराबाईबी येतो म्हनते साक्षीले."

"कायले? म्हातारीले मोटारीत वकाऱ्या होते. अन् गोजराबाईचा रोज बुडवाचा? मंडळाचा अध्यक्ष म्हनजे मंडळ. मी एकटा पुरे."

"नक्की ना?"

"परात माह्या डोक्यावरून आली, वयनी," त्यानं टोपी काढून विरळ झालेलं टाळकं तिला दाखवलं. "पाहा, अजून केस उगवले नाई."

या वेळेला मात्र ती हसली. चतुराबाईला आणि गोजराबाईला तिनं सांगून टाकलं, तुमी नका येऊ.

कोर्टाच्या खोलीत पंखा होता पण फिरत नव्हता. संस्थेचा वकील तरुण होता, सतत घाम पुसत होता. आधी भागिरथाची साक्ष झाली. भांडी मंडळाची आहेत, एवढंच तिनं सांगितलं. वकिलानं तिला जास्त छेडलं नाही. मग शालिग्रामचं नाव पुकारलं. तो धुतलेला शर्ट घालून आला होता. खरं सांगेन म्हणून त्यानं शपथ घेतली.

फुलचंद वकील आपल्याच माणसाला विचारावं तसं सहज म्हणाले, "पटवाऱ्यानं भागिरथाबाईच्या घरात जी भांडी पाहिली, ती कुणाची?"

"नाव देवमनचं हाय," शालिग्राम म्हणाला.

"नाव नाही विचारलं. भांडी कुणाची?"

"देवमनच्याच घरी असते. पयलेपासून."

भागिरथाला वाटलं, हा नेहमीसारखा लांबून वळसा घेतो आहे. मंडळाच्या बैठकीतही शालिग्राम अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर येई. ती वाट पाहत राहिली. फुलचंद वकिलांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि तोच प्रश्न तिसऱ्या तऱ्हेनं विचारला. शालिग्रामनं तेच उत्तर दिलं. मग संस्थेचा वकील उठला.

"तुमचं हे मंडळ. त्याची कुठं नोंदणी?"

"नाई जी."

"भांडी मंडळानं घेतली अशी पावती?"

"नाई जी."

"मंडळानं पैसे दिले होते का?"

शालिग्रामनं न फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. "मले आठवत नाई," तो म्हणाला.

भागिरथा उभी राहिली हे तिला स्वतःला मागाहून कळलं. "भाऊजी! परात तुमीच आनली ना डोक्यावर!"

"बाई, खाली बसा," जज्जसाहेब म्हणाले. रागानं नाही, पण हात वर करून.

ती बसली. शालिग्रामनं टोपी हातात घेतली होती आणि तिची शिवण चाचपत होता. टाळक्यावर उजेड पडला होता. त्यानं एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

अर्ज नामंजूर झाला. अर्जदार बाईकडे तांब्यापितळेची पुष्कळ भांडी आहेत, फी भरण्याची तिची ऐपत आहे, ठरल्या मुदतीत फी भरावी, नाहीतर दावा संपला. फुलचंद वकिलांनी कोर्टाच्या ओसरीत तिला हे सांगितलं.

"मंग मी थे भांडे मंडळाले देऊन टाकतो," भागिरथा म्हणाली. "उद्याच देतो. सगळ्याईच्या समोर. मंग तं मी नादार होईन?"

फुलचंदांनी मान हलवली. "आता दिली तर कोर्ट म्हणेल, फी चुकवायला मुद्दाम वाटून टाकली. कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. विकून फी भरता येते, बाई. वाटून गरीब होता येत नाही."

"पन थे माहे नोहोत, वकीलसाहेब."

"मला माहीत आहे. पण आजपासून कोर्टाच्या हिशेबी ती तुमची आहेत." मग हळू आवाजात ते म्हणाले, "तुमच्या माणसाला झालं काय?"

ते तिलाही कळलं नव्हतं. परतीच्या मोटारीत शालिग्राम पुढच्या बाकावर बसला होता. फाट्यावर उतरताना तिनं त्याला गाठलं.

"काहून असं केलं, भाऊजी?"

"मी खोटं काय बोललो?" तो म्हणाला आणि भरभर चालू लागला. "नाव देवमनचं नाई काय? घरी तुह्या नाई काय? शपथेवर मानूस इचारलं तेवढंच सांगते."

दोन दिवसांनी ती रिसोडच्या बाजाराला गेली. वाट शाळेवरून जात होती. घंटा तिला ओळखीची वाटली नाही; कुणीतरी घाईघाईनं, ठोक्यात ठोका मिसळून वाजवत होतं. फाटकातून तिनं पाहिलं. पाण्याच्या टाकीजवळ, ती बसायची त्या स्टुलावर, खाकी कपड्यांत शालिग्रामचा मुलगा पंजाबराव बसला होता. मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी होता. लहानपणी भागिरथाच्याच मांडीवर झोपायचा.

त्यानं तिला पाहिलं आणि उठून उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्यानं टाकीतून पेला भरला. "काकू, पानी घेता?"

"कधी लागला रे?"

"झाले आठेक दिवस." तो पेला हातात धरून उभाच राहिला. "बाबा म्हने, जागा खालीच हाय."

जागा रिकामी नव्हती. त्या जागेवर तिचा दावा होता. दावा चालला आणि ती जिंकली, तर हा पोरगा त्या स्टुलावरून उठणार होता. एवढं सरळ होतं सगळं. संस्थेनं शालिग्रामला पैसे दिले नव्हते, धमकी दिली नव्हती. फक्त तिची जागा त्याच्या मुलाला दिली होती, आणि उरलेलं काम त्याच्यावर सोपवलं होतं.

"पी तूच," ती म्हणाली. "अन् घंटा मोकळी वाजव. ठोका संपू देत जाय."

घरी येऊन ती परातीसमोर बसली. त्या दिवशी हापशीवर पाणी भरताना तिनं चतुराबाईला सांगितलं, "बाई, मी भांडे इकतो." बास, एवढंच. कुणाला निरोप पाठवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी तव्यावर असतानाच अंगणात माणसं जमली. गोजराबाई होती, तिचा नवरा होता, चतुराबाई मुलाचा हात धरून आली होती, तरणी पोरं होती. शेवटी शालिग्राम आला, धापा टाकत, टोपीशिवाय.

"हात लावजो नको, वयनी!" तो अंगणाच्या तोंडाशीच ओरडला. "मंडळाचे भांडे होत थे! वस्तीच्या घामाचे होत! माह्या डोक्यावरून आनली मी थे परात!"

भागिरथा तव्यावरची भाकरी उतरवून बाहेर आली. हाताला पीठ होतं.

"पुन्हा सांगा, भाऊजी."

शालिग्राम थांबला.

"सांगा ना. कोनाचे भांडे?"

"सगळ्याईले माहीत हाय कोनाचे."

"वाशीमचा साहेब सगळ्याईत येत नाई. त्याले नाई माहीत. त्याले तुमी म्हनलं, आठवत नाई. आज कसं आठवलं?"

शालिग्रामनं सभोवार पाहिलं आणि आवाज उतरवला. "वयनी, जे झालं थे झालं. पोराची नोकरी हाय. आपल्या वस्तीतला पयला पोरगा सरकारी पगारावर लागला."

"पयली मी होतो तिथं."

"तू झाडलोटीले होती," गोजराबाईचा नवरा मध्येच म्हणाला. मग त्यालाच ते बरं वाटलं नाही. "म्हनजे तसं नाई व. पन तू एकटी जीव. तुले किती लागते? पोरगा लागला तं उद्या चार पोरं लावीन."

"हो ना," मागून कुणीतरी म्हणालं. "घरचंच भांडण हाय, कोर्टात कायले न्या लागते?"

तेव्हा तिला कळलं की हे आज ठरलेलं नाही. पंजाबराव कुठं जातो ते वस्तीला आठ दिवस ठाऊक होतं. त्याच्या खाकी कपड्यांना इस्त्री इथंच कुणाच्या तरी घरी झाली होती. हापशीवर तिच्या शेजारी कळशी लावणाऱ्या बायांना ठाऊक होतं. शालिग्राम काय बोलणार ते कदाचित नसेल ठाऊक. पण तो तिच्या बाजूनं बोलणार नाही, एवढा हिशेब कुणालाही जमला असता. तिला तेवढा कुणी सांगितला नाही.

"ठीक हाय," भागिरथा म्हणाली. "उद्या पयल्या मोटारीनं मी भांडे घेऊन वाशीमले जातो. तुमच्यातलं एकजन, फक्त एकजन, संग चला. आता भाऊजी बोलले तेवढंच साहेबासमोर बोला. साक्षीदार भेटला तं फुलचंद वकील पुन्हा अर्ज करतो म्हनते. तसं झालं तं भांडे जसेच्या तसे परत येते."

चतुराबाईनं मान वर केली. तिला आता धड दिसत नव्हतं. "माहा वाळा हाय त्या परातीत," ती म्हणाली. "मी येतो व भागिरथा. मले कायचा भेव?"

"माय," तिच्या मुलानं तिचा दंड धरला, "घरी चाल."

"अरे पन..."

"घरी चाल म्हनलं ना." आणि म्हातारी चालू लागली. कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द मात्र लागत नव्हते.

सकाळी भागिरथानं एका छकड्यातून भांडी फाट्यावर आणली. मोटार आली. कंडक्टर टपाकडे हात करून म्हणाला, "वरात कोनाची, बाई? नवरदेव कुठीसा हाय?"

"मागून येते," ती म्हणाली.

तो हसला आणि एका प्रवाशाच्या मदतीनं भांडी वर चढवली. भागिरथा दारातच उभी राहिली. वस्तीकडून येणारी पायवाट फाट्यावरून सरळ दिसते. मध्ये झाडही नाही. पायवाटेवर एक शेळी होती. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली तेव्हाही ती शेळीच होती.

तांबट म्हातारा झाला होता, पण आपलं काम त्यानं ओळखलं. गंजाच्या काठावरची टिंबं त्यानं अंगठ्यानं चाचपली. "हे तं त्या मंडळाचे भांडे," तो म्हणाला. "दोघं जन आले होते. परात डोक्यावर घेऊन गेले, याड्यासारखे हासत. मंडळानं इकाले काढले?"

"तुमाले आठवते?"

"आठवीन नाई तं काय? चांदीचा एकच वाळा आनला होता मोडीत. मी म्हनलं, दुसरा पाय कुठी हाय?"

भागिरथा पुढं सरकली. "मालक, माहा साळंवर दावा हाय, एवढंच कोर्टात सांगाले येता काय? हे इथं, हाकेवर हाय कोर्ट."

तांबटानं हातोडी बाजूला ठेवली, क्षणभर खरंच विचार केला, आणि पुन्हा उचलली. "मले नोका ओढू, बाई. साळंचे लोक माहे गिऱ्हाईक हायेत. कोर्ट म्हनजे एक दिवस थोडीच हाय?" मग काही तरी द्यावं म्हणून तो म्हणाला, "भाव मी तुमाले बरा देतो. पन नाव घासा लागीन. दुसऱ्याच्या नावाचं भांडं कोनी घेत नाई."

"घासा."

ती तिथंच बसून राहिली. आधी गंज, मग दुसरा गंज, गुंड, ताटं. कानस फिरली की टिंबं आधी उथळ होत, मग चकाकीत मिसळून जात. 'दे' गेला, 'व' गेला. नाव घालायला तांबटानं अक्षराचे पैसे घेतले होते. घासायचे घेतले नाहीत. शेवटी त्यानं परातीला हात घातला.

"थांबा," भागिरथा म्हणाली. "फी झाली तेवढ्यात?"

"झाली."

"मंग परात राहू द्या."

"अवो, भाव चांगला हाय आज. चार पैसे वर राह्यले तं बिघडलं काय?"

"फी झाली ना? बास."

फुलचंद वकिलांनी स्टॅम्प लावले, कारकुनानं दाव्याला नंबर दिला आणि पुढची तारीख सांगितली. वर्षं लागतील, वकील म्हणाले. साक्षीदार आता शाळेतले शोधावे लागतील. तिनं मान डोलावली. दावा उभा राहिला होता. ज्यासाठी हे सगळं झालं ती गोष्ट अखेर झाली होती, आणि तिला आनंद झाला का हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

मोटारवाल्यानं परात घेतली. आता एकच भांडं होतं. फाट्यावर उतरून तिनं ती डोक्यावर घेतली. काठ खांद्यांच्या बाहेर येत होता, आणि पायाखालचं सोडून पुढचं फारसं दिसत नव्हतं. वस्तीत शिरली तशा हापशीवरच्या बाया बोलायच्या थांबल्या. सामोरं कुणी आलं नाही.

परात मंडळाची होती, आणि मंडळाचा अध्यक्ष शालिग्राम. ती सरळ त्याच्या दाराशी गेली. शालिग्रामची बायको दुर्गाबाई ओट्यावर डाळ पाखडत होती. सूप थांबलं.

"हे घे बाई, मंडळाचं भांडं," भागिरथा म्हणाली आणि परात उतरवून ओट्यावर ठेवली. "बाकीचे लागन तसे परत घेऊन देईन. माह्या दाव्याचा निकाल लागला म्हनजे."

भांडं दारात आलं की जे करायचं ते इतक्या वर्षांच्या सवयीनं दुर्गाबाईच्या हातांनी केलं. पदराला हात पुसले, परात दोन्ही काठांना धरून जरा पुढं ओढली, आणि आत काय आलं आहे ते पाहिलं.

काहीच नव्हतं. एक दाणाही नाही.

तिनं वर पाहिलं, तेव्हा भागिरथा गल्लीच्या टोकाला पोचली होती.